घट्ट बोल्टाची बंदूक

दांडी गावातून डोंगराकडे शेती करायला गेलेला एकच माणूस मला माहीत आहे. कमलाकांत त्याचं नाव. तो तीन पावसाळे शेतकरी होता. त्या काळात त्याने एक रायफल घेतली. ती निवडायला मी त्याच्याबरोबर गेलो होतो, म्हणून हे मी लिहितो.

मी जालन्याकडचा. १९६४ साली तारापूरला पॉवर हाऊसचं बांधकाम सुरू झालं तेव्हा फिटर म्हणून आलो. साइटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहायची सोय होती, पण चाळीस माणसांत एक नळ. मी दांडीत काशीबाईंच्या घराची पडवी घेतली. काशीबाई कमलाकांतची आई. साठीची, काटक, दिवसभर बोंबील वाळत घालणारी. मला ती पहिल्या दिवशीच म्हणाली, "पुंजाराम, मासे खात नाय तर इकडं कशाला आला? दगड खाणार?" महिनाभरात मी मासे खाऊ लागलो.

तिचं आणखी एक काम होतं. मुशी म्हणजे लहान शार्क मासा मिळाला की त्याची कलेजी ती मडक्यात घालून उन्हात ठेवायची. त्याचं तेल सुटायचं. गाळून बाटल्या भरायची. सगळ्या आळीच्या बोटींना तिचं तेल लागायचं. फळ्यांना लावलं की काही दिवसांत ते सुकतं, वर पिवळट कातडी धरते, मग लाकडात पाणी शिरत नाही. नांगर, साखळ्या, खिळे, कोयते, घरातलं सगळं लोखंडही त्याच तेलावर. खाऱ्या हवेत लोखंड चार दिवसांत तांबडं होतं. काशीबाईच्या घरातला कोयता मी कधी तांबडा पाहिला नाही.

मी येण्याआधी दोन वर्षं तिचा थोरला मुलगा वामन समुद्रात गेला. बोट परत आली, वामन आला नाही. प्रेतही मिळालं नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कमलाकांतच्या वाट्याचं जाळं अंगणात काढलं आणि कोयत्याने त्याचे तुकडे केले. जाळं विणायला तिला दोन पावसाळे लागले होते. तोडायला अर्धा तास. मच्छीमाराच्या घरात जाळं तोडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मग तिने कमलाकांतला घोटाभर पाण्यात उभं केलं, ओंजळीत समुद्राचं पाणी दिलं आणि बोलायला लावलं, की मी परत बोटीवर पाय ठेवणार नाही. तो बोलला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता आणि त्याला दुसरं काहीच येत नव्हतं.

शेतीची वाट त्याच्या बायकोकडून निघाली. वत्सलाची एक आत्या होती, नलूआत्या. मच्छीमाराची मुलगी, पण मनोरकडे शेतकऱ्याच्या घरात दिलेली. नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. मनोरपासून दोन कोस आत, खैरपाड्याला, डोंगराच्या पायथ्याशी तिची भाताची चार एकर होती. ती तिने कमलाकांतला कसायला दिली. अट एकच घातली. "तीन सालं देते. तिनांतलं एक तरी साल पुरं पीक घरात आणून दाखव. मला दाणे पाहिजेत, कारणं नकोत. नाय जमलं तर दुसरा बघेन." म्हातारीचं पोट त्याच जमिनीवर होतं. अट वावगी नव्हती.

कमलाकांत तिकडे गेला. पावसाळ्यात खैरपाड्याला, पीक झालं की दांडीला आईकडे, असं त्याचं चालायचं. दांडीतले लोक हसायचे. एकाने विचारलं, "कमल्या, वावरात जाळं कुठं लावतो?" तो म्हणाला, "बांधावर. भरतीची वाट बघतो." त्याला राग येत नसे. काम तो मन लावून शिकला. मी एकदा जाऊन त्याची लावणी पाहिली. ओळी दोरी धरल्यासारख्या. पाड्यातल्या माणसांपेक्षा सरळ.

पहिल्या साली आश्विनात रानडुकरं आली. अर्ध्याच्या वर पीक गेलं. दुसऱ्या साली आणखी गेलं. डुक्कर भात खातं ते थोडं. लोळून, तुडवून घालवतं ते जास्त. पाड्यातली इतर शेतं गावाच्या बाजूला होती. कमलाकांतचं शेत जंगलाला लागून, सगळ्यात आधी वाटेत येणारं. रात्रभर डबे वाजवून माणूस किती वाजवेल?

पहिल्या सालानंतरच त्याने शेतसंरक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. पालघरला मामलेदार कचेरीत खेपा घातल्या. मध्ये पाकिस्तानशी लढाई झाली, सगळे अर्ज पडून राहिले. परवाना हातात आला तो १९६६च्या फेब्रुवारीत. आता एकच साल शिल्लक होतं. या सालात भात घरात आलं नाही तर जमीन जाणार, आणि जमीन गेली की त्याला बोटीखेरीज काही नव्हतं. हे त्याला माहीत होतं, वत्सलाला होतं, काशीबाईला होतं.

एप्रिलात तो मला म्हणाला, "भाऊ, तुमी लोखंडातले. बंदूक घ्यायला माझ्यासंगं चला."

मी रविवार धरून एक सुट्टी घेतली. मुंबईला एका बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, चष्मा नाकावर. परवाना वाचला आणि दोन रायफली काउंटरवर ठेवल्या. दोन्ही तीनशे पंधरा बोअरच्या, दोन्हींत तेच काडतूस. दोन्ही बोल्टच्या. म्हणजे मागची मूठ वर उचलून ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलून मूठ खाली दाबली की नवं आत बसतं. घडणही एकाच जातीची. एक जुनी विलायती, कुणा साहेबाने वापरून विकलेली. दुसरी नवी, देशी. किमतीत फरक नावापुरता. वजन सारखं. मी दोन्ही हातांत धरून पाहिल्या, डोळे मिटून पाहिल्या, वजनावरून ओळखता आल्या नाहीत.

"दोघी बहिणी आहेत," दुकानदार म्हणाला. "एक शिकलेली, एक घरकाम करणारी."

मी माझ्या पद्धतीने काम सुरू केलं. विलायती रायफलीचा बोल्ट अर्धा बाहेर काढला आणि हलवून पाहिला. हलला नाही. केसभरही नाही. पुढेमागे केला तर लोण्यातून सुरी जावी तसा. देशीचा बोल्ट अर्ध्यावर काढला की खडखडायचा, डावीउजवीकडे मान डोलवायचा. मग मी दुकानदाराकडून कंदील मागून घेतला. काचेवरची काजळी बोटाने, बोल्ट बंद झाला की ज्यांवर अडकतो त्या दोन बाजूंच्या खुंट्यांना लावली आणि बोल्ट बंद करून उघडला. दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का हे पाहायची ही फिटरची जुनी रीत. जिथे लोखंड लोखंडाला टेकतं तिथली काजळी पुसली जाते. विलायतीत दोन्ही बाजूंची काजळी सारखी पुसली होती. देशीत एका बाजूची पुसली होती, दुसरीची तशीच होती.

दुकानदार बघत होता. म्हणाला, "कारागीर माणूस दिसता. पण एक सांगू? देशी ढिली आहे म्हणून चालते. चिखलात पडू द्या, वाळूत पडू द्या. चालते."

मी मनात म्हटलं, नवा माल खपवायचा असेल.

कमलाकांत देशी रायफल हातात धरून उभा होता. बोल्ट मागेपुढे करत होता. खड्-खड्, खड्-खड्.

"भाऊ, मला हीच बरी वाटते."

"का?"

"होडीच्या फळ्या लय घट्ट ठोकल्या तर पाण्यात फुगतात आणि फुटतात. सुतार जरा जागा ठेवतो. हिच्यात जागा हाय."

"ही होडी नाही कमलाकांत. यंत्र आहे. यंत्रात जागा म्हणजे चूक. ज्याने ही विलायती जुळवली त्याने कानशीने एकेक बाजू घासून बसवली आहे. दोन दिवसांची मेहनत आहे यात. त्या दुसरीत कुणी तेवढा हात फिरवलेला नाही."

त्याने देशी खाली ठेवली. विलायती उचलली, बोल्ट चालवला. मी म्हटलं, "नेम एकदाच धरायला मिळणार तुला. घट्ट ती घे."

तरी त्याने त्या दिवशी घेतली नाही. परत येताना वैतरणेचा पूल गेल्यावर म्हणाला, "तुमी नसता तर मी देशी घेतली असती." मी म्हटलं, "म्हणूनच मी आलो." पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो आणि विलायती घेतली. लढाईपासून काडतुसांची टंचाई होती. वीस मिळाली, वर्षभरासाठी.

खैरपाड्याच्या ओढ्यात मडकं ठेवून मी त्याला पाच बार काढायला लावले. समुद्रावर जन्म काढलेल्या माणसाची नजर. तिसऱ्या बाराला मडकं फुटलं, चौथ्याला दुसरं, पाचव्याला नारळ. उरली पंधरा. मी सांगितलं, "आता एकही वाया घालवायचं नाही." तो म्हणाला, "नाय घालवणार." मी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढायचा नाही, काडतुसावर आपटणारी आतली पिन मोडते. आणि पावसाळ्यात रोज तेल लावायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. वर्कशॉपमधून मशीनच्या तेलाचा लहान डबा आणून दिला.

त्याने माझं सगळं ऐकलं. एक दिवस चुकला नाही. हे मला नंतर वत्सलाने सांगितलं. भाताची लावणी करून, कंबर मोडून आला तरी आधी बंदूक. मूठ पुसायची, नळी पुसायची, बोल्ट काढून त्याच्यावर तेलाचं बोट फिरवायचं, मागच्या फटीतून दोन थेंब आत सोडायचे. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. एवढी मेहनत मी साइटवर पगार घेऊन काम करणाऱ्या माणसांत पाहिली नाही.

फक्त डब्यातलं तेल त्याने आठ दिवस वापरलं. ते त्याला पाण्यासारखं पातळ वाटलं. बोटीला असलं तेल लावलं तर एका भरतीत धुऊन जाईल. काशीबाईने दांडीहून बाटली पाठवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती दर पंधरवड्याला पाठवायची. त्याने ते लावलं. बंदुकीवर पावसाचं पाणी मोत्यासारखं घसरायला लागलं. गंजाचा ठिपका नाही. तो खूश झाला.

मी पावसाळ्यात खैरपाड्याला गेलो नाही. साइटवर काम जोरात होतं.

१९६६ची नवरात्र झाली. भाताचा दाणा भरला होता, लोंब्या पिवळ्या पडत होत्या. कापणीला आठ दिवस हवे होते. त्याच आठ दिवसांत डुकरं येतात. कमलाकांतने हाका ठरवला.

हाक्याची तिथली रीत अशी. गावकरी पहाटे रानाच्या एका बाजूने डबे वाजवत, ओरडत जनावर उठवतात आणि बंदूकवाला बसला असेल तिकडे ढकलतात. कुणी मजुरी घेत नाही. जनावर पडलं तर सगळ्यांना सारखे वाटे. पण हा कापणीचा मोसम. प्रत्येक माणूस आपलं शेत सोडून येतो. म्हणून एका बंदुकीसाठी एका सालात एकच हाका. डुक्कर पडलं तर पुन्हा येतील. नाही पडलं तर त्या सालात त्या बंदुकीसाठी कुणी उठत नाही. हे वाघोबा देवाच्या दगडासमोर आधी बोलून घेतात.

हाक्याचा म्होरक्या आत्माराम. पन्नाशीचा, एक दात पडलेला, तोंडाचा सैल. मी शनिवारी रात्री पोचलो होतो. रविवारी पहाटे आम्ही वाघोबापाशी जमलो. हाक्याची बावीस माणसं. नारळ फुटला, बंदुकीला कुंकू लावलं. आत्मारामने नळीवर नाक नेलं आणि मागे सरकला.

"अरे बाबा! कमलशेट, बंदुकीला बोंबील चारले काय?"

सगळे हसले.

"आमच्याकडची बंदूक हाय," कमलाकांत म्हणाला. "मासळी खाल्ल्याबिगर उठत नाय."

"डुक्कर वासानंच मरायचं. बार कशाला काढता?"

मीही हसलो. वास मलाही आला होता. दांडीत दोन वर्षं राहून त्या वासाची मला सवय झाली होती. माझ्या डोक्यात काही आलं नाही. फिटर म्हणून मला तिथेच बोल्ट उघडून पाहायला हवा होता. वेळ होता. पंधरा मिनिटांचं काम.

ओढ्याच्या चिंचोळ्या जागी एका ऐनाच्या झाडामागे कमलाकांत बसला. मी त्याच्या मागे पाच हातांवर. उन्हं वर आली. लांबून डबे सुरू झाले. हाका पुढे सरकू लागला. आधी दोन मोर उडाले. मग भेकर गेलं. कमलाकांतने ते जाऊ दिलं. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, सावकाश, जाळं ओढताना घेतात तसा.

कळप आला. पुढे माद्या, मागे सुळेवाला नर, अंगावर चिखल वाळलेला. वीस पावलांवर ओढा ओलांडायला नर थांबला, आडवा. एवढ्या अंतरावर लहान मुलाचाही नेम चुकला नसता.

कमलाकांतने चाप ओढला. टक्. दाराची कडी कुणी हळूच लावावी तसा आवाज.

नराने मान वळवली. कमलाकांतने बोल्ट ओढला, काडतूस बाहेर पडलं, दुसरं आत गेलं. चाप. टक्.

तिसरं. टक्.

नर वळला. सगळा कळप त्याच्यामागे उलटा फिरला, हाकेकऱ्यांची बाजू सोडून तिसऱ्याच अंगाने, बांध चढून, थेट कमलाकांतच्या भातात. भात हलताना मला दिसत होतं, वाऱ्याने हलावं तसं, एका रेषेत. मग रेषेच्या दहा रेषा झाल्या.

कमलाकांतने चौथं काडतूस घातलं आणि चाप ओढला. बार उडाला. समोर मोकळा ओढा होता. गोळी दगडावर आपटून कुठेतरी गेली.

बार ऐकून हाकेकरी ओरडले. आनंदाने. पडलं, पडलं! बावीस माणसं धावत आली. दोघांच्या खांद्यावर जनावर टांगायचा बांबू, एकाकडे दोर, एकाने बायकोचं मोठं पातेलं आणलेलं. ओढ्यात येऊन उभी राहिली. इकडेतिकडे बघू लागली.

"कुठं पडलं?" आत्मारामने विचारलं.

कमलाकांतने बंदुकीची नळी खाली केली. आत्मारामने खाली पडलेली तीन काडतुसं उचलली. तळाशी टोपीवर पिनेची खूण असते. खड्डा पडायला हवा. तिथे नुसतं टिंब होतं, पेन्सिलीने काढल्यासारखं. आत्मारामने ती कमलाकांतच्या तळहातावर ठेवली. चिडला नाही.

"पुढल्या साली बघू, कमलशेट."

"पुढलं साल नाय मला."

"मग देवाचं नाव घ्या. आमी काय करणार? बोललेलं हाय."

बांबू खांद्यावर टाकून माणसं गेली. पहाटे सहा ते अकरा. बावीस माणसांचे पाच-पाच तास. त्यांच्याकडून मी एक वाईट शब्द ऐकला नाही.

मी बोल्ट हातात घेतला. मागच्या बाजूने बोट आत घातलं. चिकट. नख लावलं तर पिवळट पापुद्रा निघाला, झाडाच्या डिंकासारखा. नाकाशी नेला.

"तेल कुठलं लावलं?"

"आयेचं."

"रोज?"

"रोज. तुमी सांगितलं तसं. एक दिवस सोडला नाय."

मग मला सगळं दिसलं. तेल सुकून आत कातडी धरत गेलं होतं, फळीवर धरतं तशी. स्प्रिंग तीच, पिन तीच, पण पिन त्या कातडीतून रांगत जात होती. तीन ठोक्यांनी कातडी थोडी फाटली तेव्हा चौथा बार उडाला. बोल्ट बाहेरून रोज पुसलेला, म्हणून हाताला लोण्यासारखा लागायचा. रिकामा चाप ओढू नको म्हणून मी बजावलं होतं. काडतूस वाया घालवू नको म्हणून बजावलं होतं. म्हणजे पिन मंद झाली हे कळायची एकही वाट मी त्याला ठेवली नव्हती. आणि बोल्ट घट्ट. आतही पिनेभोवती जेमतेम केसभर जागा. ती केसभर जागा तेलाने भरली की पुढे काय उरतं?

घरात रॉकेल होतं. ओतून पाहिलं. वरचं सुटलं, आतलं नाही. पिन बाहेर काढायला खास पाना लागतो. तो मी वर्कशॉपमध्ये बनवू शकत होतो. तिथे नाही.

"रात्री असाच बसतो," कमलाकांत म्हणाला. मग बंदुकीकडे बघितलं. "नको. टक् वाजली तर मला सहन नाय व्हायचं."

बंदूक परवानेवाल्याने स्वतः न्यायची असते. म्हणून त्याला माझ्याबरोबर यावं लागलं. शेतावर वत्सला एकटी राहिली. रविवारी संध्याकाळी निघालो, रात्री बोईसर, तिथून पायी दांडी. सोमवारी मला ड्यूटी होती. दुपारच्या सुट्टीत पाना घासून बनवला. संध्याकाळी पडवीत बसून पिन काढली, रॉकेलमध्ये बुडवली, चिंधीने पुसली, मशीनचं तेल एक थेंब लावून परत बसवली. पंधरा मिनिटं. काशीबाई दारात उभी राहून बघत होती. चिंधीवरचा पिवळा डाग तिने बघितला की नाही मला माहीत नाही.

मंगळवारी मी खाडा केला आणि त्याच्याबरोबर गेलो. दुपारी पोचलो. वत्सला बांधावर बसली होती. पत्र्याचा डबा मांडीवर. वाजवून वाजवून त्याची एक बाजू आत गेली होती.

"पहिल्या रात्री पळाली," ती म्हणाली. "काल नाय पळाली. माझ्याकडं बघत खात होती."

भात उभं नव्हतं. चार एकरांत कुठे कुठे, कोपऱ्यात, बांधाच्या कडेला थोडं उभं होतं. लावणीच्या सरळ ओळी तेवढ्यापुरत्या अजून दिसत होत्या. कमलाकांत शेतात उतरला नाही. बांधावरून चालत एक फेरी मारून आला.

त्या संध्याकाळी दिवस बुडायच्या आत तो बांधावर बसला. उरलेलं खायला तोच नर आला. पहिल्याच बाराला पडला. जागेवर. पाय झाडले नाहीत. रायफल उत्तम होती, हे मी लिहून ठेवतो. आत्माराम आणि पाड्यातले लोक आले, वाटे पडले, कमलाकांतने आपला वाटा घेतला नाही. आत्माराम त्याला म्हणाला, "पुन्हा हाका देऊ, रीत पुरी झाली." कमलाकांतने शेताकडे हात केला. राखायला काही नव्हतं.

नलूआत्या कापणीला आली. दीड पोतं निघालं. तिने दाणे हातात घेऊन पाहिले, परत पोत्यात टाकले. "कारण विचारत नाय," म्हणाली. जमीन दुसऱ्याला दिली. म्हातारीने काही चूक केली असं मला तेव्हाही वाटलं नाही.

बंदूक परत विकायला आम्ही त्याच दुकानात गेलो. म्हाताऱ्याने बोल्ट ओढला, मागेपुढे केला, नळीतून उजेडाकडे बघितलं.

"छान ठेवली आहे," तो म्हणाला. "समुद्राकाठचा माणूस आणि गंजाचा ठिपका नाही. मेहनत घेतलीत."

कमलाकांतने मान हलवली.

"ती दुसरी तुमच्याच भागात गेली. पुंडलिक म्हणून कुणी घेऊन गेला, मनोरच्या पलीकडचा."

पुढच्या वर्षी मनोरच्या बाजारात मी त्या पुंडलिकला शोधून काढलं. बंदूक कशी आहे विचारलं. "खडखडते," तो म्हणाला. "पण बरी हाय. सात पडली." साफ कशी करतोस विचारलं, तर हसला. "एकदा पुसली बायकोच्या लुगड्याच्या चिंधीनं. खुंटीला टांगलेली असते." यावरून काही सिद्ध होत नाही. त्याने मुशीचं तेल लावलं नव्हतं. दोन गोष्टी एकदम वेगळ्या असल्या तर कशामुळे काय झालं हे सांगू नये, हे मला माझ्या उस्तादाने शिकवलं आहे. तरी त्या ढिल्या बोल्टाच्या फटीत कागदाची घडी घालून तेलाला किती जागा होती हे मी मोजलं असतं, तर मला झोप लागली असती की नसती, हे मी पुष्कळदा मनात मोजलं आहे. पुंडलिक काय म्हणाला ते कमलाकांतला मी कधी सांगितलं नाही.

१९६६च्याच दिवाळीनंतर कमलाकांत दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला होता. स्वतःचं जाळं नव्हतं, म्हणून वाटा कमी. पहिल्या दिवशी तो निघाला तेव्हा काशीबाई अंगणात बोंबील उलटत होती. तो तिच्या पाया पडायला वाकला तर ती बाजूला झाली आणि उलटायचं काम पुढे चालू ठेवलं. त्याने थोडा वेळ वाट बघितली. मग गेला.

तो गेल्यावर ती माझ्याकडे आली. मी पडवीत जेवत होतो.

"पुंजाराम, खरं सांग. माझं तेल खराब होतं?"

मी तिच्याकडे बघितलं. मला खोटं बोलायची सवय नाही.

"नाही मावशी. तेल चांगलं होतं."

"मग बंदूक वाईट होती?"

"बंदूकही चांगली होती."

"मग?"

मी ताटातला भात कालवत राहिलो. तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

१९६९ला काम संपलं आणि मी दांडी सोडली. तोवर तीन वर्षं मी तिला रोज पाहिलं. कमलाकांत समुद्रातून परत आला की ती त्याला जेवायला वाढायची, पण त्याच्याशी बोललेलं मी ऐकलं नाही. ओहोटीला बोटी वाळूत कलत्या झाल्या की ती मडकं आणि चिंधी घेऊन खाली जायची. त्या बोटीवर तिचा काही हक्क नव्हता, बोट दुसऱ्याची होती. तरी कमलाकांत जिथे उभा राहायचा तिथल्या फळ्यांना ती आधी तेल लावायची. एक हात झाला की दुसरा. फटीफटीतून, खिळ्याखिळ्यावर, एकही जागा न सोडता.